बडोद्याची दोन दफ्तरं: इंग्रजी आणि मोडी कागद शेजारी ठेवून कसे वाचावेत

बडोद्याच्या इतिहासावर काम करायचंय, कुठून सुरुवात करू, असं विचारत दर वर्षी कोणी ना कोणी माझ्या दांडिया बाजारातल्या घरी येतं. बहुतेकांनी आधीच इंटरनेटवरून पाच-सहा इंग्रजी ग्रंथ उतरवून घेतलेले असतात आणि विषय असतो ‘गायकवाड आणि ब्रिटिश’. मी त्यांना पहिली गोष्ट सांगते ती ही: या शहराची कागदपत्रं दोन हातांनी लिहिली गेली आहेत. एक हात रेसिडेन्सीचा, म्हणजे दरबारात नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या, रेसिडेंटच्या कचेरीचा, इंग्रजीत लिहिणारा. दुसरा दरबाराचा, मोडीत आणि पुढे गुजरातीत लिहिणारा. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी लिहिलंय आणि दोघांनी वेगवेगळ्या माणसांसाठी लिहिलंय. यातला एकच हात वाचून प्रबंध लिहिला, तर तो कितीही जाड झाला तरी अर्धाच राहतो. त्यातून आपण मराठी माणसं. मोडी आपल्या आजोबा-पणजोबांची लिपी. ती बाजूला ठेवून फक्त रेसिडेंटच्या पत्रांवर विसंबायचं, हे मला मनापासून खटकतं.

विषय लहान घ्या. एखादा प्रसंग, एखादं खातं, एखादा वाडा. ‘एकोणिसाव्या शतकातलं बडोदं’ हा विषय नव्हे. ‘1874 च्या नोव्हेंबरात दरबारातून कोणती पत्रं बाहेर गेली’ हा विषय आहे. तारीख हातात असली की कारकून मदत करतो, सूची मदत करते, आणि कुठे थांबायचं ते आपल्यालाही कळतं.

आधी छापील कागद

थेट अभिलेखागारात जाऊन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायची घाई करू नका. आधी छापील साधनं चाळा, म्हणजे नावं आणि वर्षं डोक्यात बसतील. फतेहगंज-सयाजीगंज भागात राहत असाल तर विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय जवळ. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झालं आणि हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू. तिथल्या जुन्या संग्रहात राज्याचे वार्षिक प्रशासन अहवाल मागा. ही मालिका दिवाण टी. माधवरावांच्या काळात, 1875-76 च्या अहवालापासून सुरू होते. महसूल, शाळा, दवाखाने, तुरुंग, रस्ते असं एकेक खातं दर वर्षी येतं. सलग दहा वर्षांचे अहवाल ओळीने वाचले की एखादी गोष्ट कधी सुरू झाली आणि कधी गुपचूप गळाली, हे दिसतं. सक्तीचं शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात लागू झालं, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण गावोगाव ते कसं चाललं, मास्तर कुठून आणले, दंड कोणाला झाला, हे शोधायला अहवालच उघडावे लागतात.

दुसरं ठिकाण म्हणजे मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं करायला लावलं. स्वतःच्या वाचनालयातली सुमारे 20,000 पुस्तकंही त्यांनी देऊन टाकली. लोखंडी मांडण्या आणि मजल्या-मजल्याला काचेची जमीन, ही तिथली रचना एकदा तरी बघून या; वरच्या मजल्यावरचा उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून ती केलेली आहे. तुमच्या कामाची वस्तू मात्र वेगळी. 1912 पासून बडोद्यातून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघत असे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. ग्रंथालय चळवळीवर कोणी काम करणार असेल तर त्याने इथूनच सुरुवात करावी. त्यातल्या मराठी पानांकडे फारसं कोणी वळलेलं दिसत नाही.

गॅझेटियर सगळेच वाचतात, तुम्हीही वाचा, पण कोणी लिहिलंय ते पाहून वाचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बडोद्यावरचा सातवा खंड 1883 मध्ये निघाला. त्यातला राज्यकर्त्यांचा इतिहास एफ. ए. एच. एलियट यांचा. हे एलियट म्हणजे लहान सयाजीरावांचे इंग्रज शिक्षक. सयाजीराव दत्तक आले ते 1875 मध्ये, आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी गादीवरून उतरवल्यावर. म्हणजे मल्हाररावांबद्दलचं प्रकरण लिहिणारा माणूस नव्या व्यवस्थेतला होता. म्हणून तो खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. पण कोणतं विशेषण तो कोणाला लावतो, ते मांडीवर वही घेऊन टिपत जावं. गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांनी संपादित केलेलं राज्याचं स्वतःचं गॅझेटियर 1923 मधलं, दोन खंडांत. दोन्हींतला एकाच तालुक्याचा मजकूर शेजारी ठेवून वाचला की वसाहतीचा इतिहास कसा घडवला जातो, यावर वेगळं व्याख्यान ऐकायची गरज उरत नाही.

इंग्रजी कागद कुठे आहेत

इथे बरेचजण चुकीच्या गावी जातात. 1875 पूर्वी बडोद्याचा रेसिडेंट बहुतेक काळ मुंबई सरकारच्या हाताखाली होता. म्हणून त्या काळातला पुष्कळसा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राजकीय खात्याच्या खंडांमध्ये आहे. 1875 नंतर बडोद्याचा संबंध थेट हिंदुस्थान सरकारशी आला, रेसिडेंटच्या जागी गव्हर्नर जनरलचा एजंट आला, आणि कागद कलकत्ता-सिमला-दिल्लीच्या वाटेने गेले. ते आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो, बऱ्याच फायली उघडूनही वाचता येतात. काही रेसिडेन्सी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या संग्रहातल्या ‘आर/2’ या वर्गात आहेत. तिथली सूची ऑनलाइन पाहता येते.

शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. गायकवाड हे नाव इंग्रजांनी जी-ए-ई-के-डब्ल्यू-ए-आर असं लिहिलंय, जी-ए-आय-के-डब्ल्यू-ए-आर असंही, आणि जुन्या कागदांत जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर असंसुद्धा. प्रत्येक स्पेलिंग वेगळं घालून पाहा. दिवाणांची, शास्त्र्यांची, सावकारांची नावं तर याहून वाईट रीतीने मोडलेली सापडतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी वहीच्या शेवटच्या पानावर नावांचा कोश करायला लावते. डावीकडे मराठी नाव, उजवीकडे इंग्रजी कागदांत भेटलेली सगळी रूपं. या पानाइतकं दुसरं काही पुढे उपयोगी पडत नाही.

कोठीतलं दफ्तर

दरबाराचा हात वाचायचा तर रावपुऱ्यातली कोठी गाठा. तिथलं रेकॉर्ड ऑफिस म्हणजे गुजरात राज्याच्या अभिलेखागाराची दक्षिण विभागाची शाखा. सोबत विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि विषय व काळ स्पष्ट लिहिलेला अर्ज असू द्या. ‘गायकवाडी इतिहास’ असं लिहिलंत तर कोणी काही काढून देऊ शकणार नाही. ‘हुजूर पोलिटिकल ऑफिस, 1874-75, रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार’ असं लिहिलंत की सूची उघडते. पेन्सिल न्या, पेन खिशातसुद्धा नको. फोटोची परवानगी आधी विचारा आणि कागद हातात आल्या आल्या दफ्तराचा क्रमांक, फायलीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. फोटो घेतलात तर पहिला फोटो त्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा हवा. तिथले लोक जुने आहेत आणि कुठला रुमाल कुठल्या कपाटात ते त्यांना सूचीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. भाई, बेन म्हणून नीट बोला, आपला विषय दोन वाक्यांत समजावून सांगा. माणूस गुंतला की ‘बेन, हे पण बघून जा’ म्हणत न मागितलेला कागदही पुढे येतो.

आता मोडी. पुण्या-मुंबईत वर्ग भरतात, ऑनलाइनही भरतात, अक्षरं शिकायला तेवढं पुरतं. पण वर्गातली बाराखडी आणि खऱ्या कागदावरचा कारकुनाचा हात यांत फार अंतर असतं. शब्द तोडलेले नसतात, ओळ आधी आखून तिच्याखाली अक्षरं सलग ओढलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. यातून मार्ग काढायची एक रीत मी सगळ्यांना शिकवते. पत्राच्या मधल्या मजकुराला आधी हात लावू नका. वरचा आणि खालचा भाग घ्या. वर ‘श्री’, मग ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, पुढे नमस्कार, ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे, विशेष’. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा हे विनंती’. हे शब्द थोड्याफार फरकाने ठरलेले. म्हणजे कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला आधीच माहीत आहे. फक्त या कारकुनाने ‘व’ कसा काढलाय, ‘श’ची गाठ कशी मारलीय, ‘त’ला ‘जा’ कसा जोडलाय, ते पाहायचं. एका कोऱ्या कागदावर त्याचा हात गिरवून घ्या. मधल्या मजकुरात तीच अक्षरं पुन्हा भेटतात आणि कुलूप सुटत जातं. सोबत दोन-चार खुणा पाठ करा: ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, पत्र पोचल्याचा दिवस. ही पैवस्तीची नोंद चुकवू नका. पत्र कधी लिहिलं यापेक्षा ते कधी हातात पडलं, यावर पुष्कळ निर्णय अवलंबून असतात.

कागद पालथा करूनही पाहा. काही पत्रांच्या घड्यांत अजून शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण चमकतात. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेलं अक्षर दोनशे वर्षांनीही काळंभोर राहतं. उलट इंग्रजी फायलींतली लोहयुक्त शाई बऱ्याच ठिकाणी कागद खाऊन गेलेली असते. अशा पानावर बोट फिरवू नका. खालून कोरा कागद सरकवून ते उचला.

तारखा आणि पैसे

तारखेचा गोंधळ झाला तर दोन दफ्तरं जुळतच नाहीत. म्हणून हे हिशेब सरावाचे करून घ्या. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणून पानिपतचा जानेवारी 1161 मध्येच येतो, 1161 आणि 600 मिळून 1761. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर 79. गुजराती कागदांत विक्रम संवत असतो आणि तो इथे कार्तिकात बदलतो: कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत 57 वजा, नंतर 56. इथले म्हातारे लोक ‘छप्पनियो’ म्हणतात तो दुष्काळ संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा. चांद्र तारखांसाठी मोडकांची जंत्री, म्हणजे तारखा जुळवायची छापील कोष्टकं, जवळ ठेवा, अंदाजाने काही लिहू नका.

पैशांचंही असंच. बडोद्यात राज्याचं स्वतःचं बाबाशाही नाणं चालत असे, ते 1901 मध्ये बंद होऊन इंग्रजी रुपया आला. बाबाशाही रुपया कंपनीच्या रुपयाहून हलका. दरबारी जमाखर्चातला आकडा आणि रेसिडेंटने वर कळवलेला आकडा जुळत नसेल, तर कोणी पैसे खाल्ले असा निष्कर्ष काढण्याआधी दोघं कोणत्या रुपयात बोलतायत ते बघा.

दोन हात एका प्रसंगावर

सरावासाठी मी नेहमी 1874-75 देते, कारण त्याचे कागद भरपूर आहेत आणि बरेचसे छापलेलेही आहेत. वहीचं आडवं पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे दरबार, उजवीकडे रेसिडेन्सी. दोन्ही बाजूंना तारीख, कोणी कोणाला लिहिलं, आणि एका ओळीत मजकूर.

डावीकडे पहिली नोंद 2 नोव्हेंबर 1874 ची. मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला की इथले रेसिडेंट कर्नल फेअर यांना बदला. त्या वेळी दिवाण होते दादाभाई नवरोजी. उजवीकडे 9 नोव्हेंबर: फेअर म्हणतात, माझ्या सरबतात विष घातलं, संखिया आणि हिऱ्याची पूड असं सांगितलं गेलं. या दोन तारखांत अंतर अवघ्या एका आठवड्याचं. ज्यांनी फक्त उजवी बाजू वाचली त्यांच्या लेखात गोष्ट 9 तारखेला सुरू होते. मग पुढे उतरत जा: फेअर यांच्या जागी सर लुई पेली येतात, फेब्रुवारी-मार्च 1875 मध्ये चौकशी आयोग बडोद्यात बसतो. त्यात सहाजण. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. इंग्रज तिघांनी दोषी धरलं, हिंदी तिघांनी नाही. आणि एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं ते विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभाराच्या कारणाने. जाहीरनामा शब्दन् शब्द वाचा. आयोगाच्या निकालावर हा निर्णय आधारलेला नाही, असं सरकार स्वतःच म्हणतं. मल्हाररावांना मद्रासला नेलं, तिथेच 1882 मध्ये ते वारले.

पान भरत आलं की रिकाम्या चौकोनांकडे बघा. उजवीकडे रोज पत्रं आणि डावीकडे आठवडाभर काहीच नाही, असं दिसलं तर तिथे प्रश्न आहे. दरबाराने लिहिलं नाही, की लिहिलेलं टिकलं नाही, की वेगळ्या दफ्तरात पडलं? तुमच्या प्रबंधाचं प्रकरण बहुधा या रिकाम्या चौकोनातून निघेल.

हीच रीत वास्तूलाही लागू पडते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते. आत भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, महाभारत, कृष्णलीला, आणि इंग्रज-मराठे लढाईसुद्धा. त्याच सुमाराला रेसिडेंट आउट्रम यांनी 1851 मध्ये बडोद्यातल्या लाचखोरीवर अहवाल पाठवला, आणि मुंबई सरकारने आउट्रमनाच इथून हलवलं. हे प्रकरण पार्लमेंटच्या छापील कागदांत मिळतं. ते वाचून वाड्यात जा, मग त्या भिंतींपुढे उभं राहून किती वेगळे प्रश्न सुचतात ते बघा.

हस्तलिखितांचा विषय असेल तर प्राच्यविद्या मंदिर. गायकवाड ओरिएंटल सिरीजचं पहिलं पुस्तक, राजशेखराची काव्यमीमांसा, 1916 मध्ये निघालं. संस्था 1927 मध्ये उभी राहिली आणि पुढे विद्यापीठात आली. रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच सिद्ध झाली. तिथे जाण्याआधी छापील सूचीतून हस्तलिखिताचा क्रमांक काढून न्या, एवढंच सांगते.

घरातल्या ट्रंकेतले कागद

शेवटचं आपल्या मराठी घरांबद्दल. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या किती घरांत माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी आहेत. इनामाची सनद, सावकारी खातं, लष्करातल्या पणजोबांचा पगार. घर विकताना ती रद्दीत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि फार वाईट वाटतं. तुमच्याकडे असतील तर कृपा करून लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. दोन्ही काढताना कागद जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बडोद्याच्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. गाठोडं ज्या क्रमाने निघालं तो क्रम मोडू नका. कोणता कागद कोणत्या कागदाच्या घडीत होता, हीसुद्धा माहिती असते. पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, अगदी बारीक आकडे घाला. मग मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी पट्टी ठेवून. मूळ कागद कोणाला द्यायचे नसतील तर देऊ नका. पण फोटोंची एक प्रत विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा, आणि सोबत एक चिठ्ठी जोडा: घर कोणतं, गाठोडं कोणाचं, ते कुठे ठेवलेलं होतं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यातल्या माणसांबद्दल काय आठवतंय. ही चिठ्ठी आजी-आजोबांशी बोलून याच आठवड्यात लिहा.